भाटी नको, बोका द्या: बेळगाव परिसरातील सोडून दिलेल्या मांजरांविषयी

वेणुग्राम (सोमवार, रात्री 9:20)

काल पहाटे शहापुरातील आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका बंद दुकानाच्या पायरीवर, सुतळीने बांधलेले पुठ्ठ्याचे खोके सापडले. आत मांजराची तीन पिल्ले होती. खोक्याच्या चारही बाजूंना पेनाने भोके पाडलेली होती आणि तळाशी जुन्या इरकली साडीचा तुकडा अंथरलेला होता. सोबत ठेवलेल्या वाटीतले दूध सांडून तो तुकडा भिजला होता, त्यामुळे पिल्ले पार गारठली होती. टाकून देणाऱ्याला ती गुदमरू नयेत याची काळजी होती आणि तरीही ती टाकायचीच होती. या दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा नांदतात, हे सहा वर्षे हे काम केल्यावर मला आता पुष्कळसे कळते.

आम्ही आठ-दहा जण शहापूर, वडगाव आणि टिळकवाडी या भागांत सोडून दिलेल्या व रानटी झालेल्या मांजरांची जमेल तेवढी व्यवस्था लावतो. आमची संस्था नाही आणि पावतीपुस्तकही नाही. एक पिंजरा, तीन टोपल्या, एक वही आणि फोनवरचा एक गट एवढेच आमचे भांडवल आहे.

घरी आणून पिल्लांना ऊब दिली आणि मग शेपट्या उचलून पाहिल्या. शेपटीखाली दोन टिंबे दिसली तर बोका, आणि टिंबाखाली बारीक उभी रेघ दिसली तर भाटी, म्हणजे मादी, अशी साधी खूण आहे. तिन्ही भाट्या निघाल्या. मला आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे पिल्लू न्यायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस सांगतो, “नेतो की ओ, खरं बोका पाहिजे.” (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्या बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’.) बोक्याला घर मिळते आणि भाटीला खोके मिळते. मग तीच भाटी कोणाच्या तरी माळ्यावर वाढते, पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येते आणि सुमारे नऊ आठवड्यांनी तिथेच विते. एका वेतात तीन ते पाच पिल्ले होतात, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येऊ लागतात, म्हणून पिल्लांची पहिली खेप आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला येते, आणि दुसरी खेप नेमकी बेळगावच्या झडीच्या पावसात, कौलांखाली आणि गाड्यांच्या इंजिनांत आसरा शोधत येते.

मूळ मुद्दा असा आहे. लोक आमच्याकडे एकच मदत मागतात, ती म्हणजे पिल्लांना घरे शोधून द्या. पहिली दोन वर्षे आम्ही तेवढेच केले. त्या काळातली वही काढून पाहिली, तर दिलेल्या पिल्लांची पानेच्या पाने भरलेली आहेत आणि ‘आईचे ऑपरेशन’ (म्हणजे निर्बीजीकरण, पुढे पिल्ले होऊ नयेत म्हणून) हा रकाना कोरा आहे. ज्या परसातून चैत्रात पिल्ले उचलली, त्याच परसातून श्रावणात पुन्हा उचलली, आणि दोन्ही वेळा घरमालकाने आमचे आभार मानले. आम्ही मांजरे वाचवत नव्हतो. त्या घराला पुढच्या वेतासाठी जागा मोकळी करून देत होतो. आता आमचा नियम असा आहे की पिल्लांसाठी फोन आला, की पहिला प्रश्न त्यांच्या आईविषयी विचारायचा. त्यामुळे निम्मे फोन तिथेच बंद होतात, हेही सांगितले पाहिजे.

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत कोणी असे काम करत असल्यास त्यांनी आपले अनुभव लिहावेत. माणसाळत नाहीत अशा मोठ्या मांजरांचे तुम्ही काय करता, हे मला विशेष जाणून घ्यायचे आहे.

ता. क. खोक्यावर सुताच्या कोनांचा (विणकामाचे सूत गुंडाळलेल्या शंकूंचा) छापील शिक्का आहे. यावरून कोणाला काही सुचत असल्यास कळवावे. पिल्लांचे डोळे उघडलेले आहेत, चाल अजून डगमगती आहे आणि पिठाच्या काट्यावर प्रत्येकीचे वजन तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरते. म्हणजे वय तीन आठवड्यांच्या आसपास असावे. आईला अजून दूध असणार.

हातमाग (सोमवार, रात्री 10:05)

मी वडगावचा. अशी खोकी आमच्या भागात ज्याच्या त्याच्या घरात आहेत, त्यामुळे शिक्क्यावरून घर सापडणार नाही. पिल्ले गेलेली भाटी मात्र दोन-तीन दिवस भिंतीवरून आणि माळ्यावरून ओरडत हिंडते. उद्या गल्लीत विचारून पाहतो.

विणकरांच्या घरात मांजर हे हौसेचे जनावर कधीच नव्हते. ताण्याला खळ लावलेली असते, तिच्या वासाने उंदीर येतात आणि एका रात्रीत सूत कुरतडून ठेवतात. तुटलेला प्रत्येक धागा हाताने सांधावा लागतो, त्यात विणणाऱ्याचा दिवस जातो. म्हणून मागाच्या खड्ड्याशेजारी मांजर असायचेच. ऑपरेशन केलेले मांजर आळशी होते आणि उंदीर धरत नाही, असे माझे वडील ठामपणे सांगत. आमच्या दोन्ही भाट्यांची ऑपरेशने तीन वर्षांपूर्वी झाली. दोघीही अजून उंदीर आणून नेमका माझ्या चपलेत ठेवतात.

माळावरचा_डॉक्टर (मंगळवार, सकाळी 6:50)

मी तालुक्याच्या गावी पशुवैद्य म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. आयुष्य गाई-म्हशींत गेले आणि मांजरे निवृत्तीनंतर गळ्यात पडली. वरील पिल्लांच्या निमित्ताने काही गोष्टी लिहितो, कारण भुकेपेक्षा चुकीच्या मायेने मेलेली पिल्ले मी जास्त पाहिली आहेत.

गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालू नये. त्याचे पोट त्या वेळी काम करत नसते. बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळावी, शेजारी पिल्लाला ठेवावे, आणि त्याचे पाय व तोंडाचा आतला भाग ऊबदार लागू लागल्यावरच पाजण्याचा विचार करावा. गाईचे दूध मांजराच्या पिल्लाला मानवत नाही. हगवण लागते आणि एवढ्याशा जिवातले पाणी झपाट्याने निघून जाते. मांजरांच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी मिळते, ती आणावी. पाजताना पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये, कारण त्यामुळे दूध फुप्फुसात जाते. ते पोटावर, आईखाली पीत असते तसेच, मान किंचित वर करून असावे. तीन आठवड्यांच्या आतले पिल्लू आपले आपण शी-शू करू शकत नाही. त्याची आई चाटून ते करवते. आई नसेल तेव्हा प्रत्येक पाजणीनंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते काम आपण करायचे असते. काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. वजन दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमने वाढत असेल तर ठीक चालले आहे. एक दिवस वजन अडले तर सावध व्हावे, आणि घटले तर दवाखाना गाठावा.

आता घरातल्या विषांविषयी. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ‘ताप आला म्हणून पाव गोळी दिली’ असे सांगत लोक येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांवर लावायचे थेंब मांजराला लावू नयेत, कारण त्यांतल्या अनेकांत परमेथ्रिन हे मांजराला विषारी असलेले कीटकनाशक असते. आपल्याकडे फरशीवर सढळ हाताने ओतले जाणारे फिनेलही मांजराला बाधते, कारण ते पायाला लागते आणि पाय चाटले जातात.

त्याच फिनेलने पॅनल्युकोपेनियाचा विषाणू मात्र मरत नाही. मांजरांच्या या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाला लोक ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात. खोक्यातून आलेले नवे पिल्लू घरच्या मांजरांत लगेच मिसळू नये, ते दोन आठवडे वेगळ्या खोलीत असावे. या रोगाने गेलेल्या पिल्लाची जागा विषाणूला वर्षभरसुद्धा सांभाळून ठेवू शकते. फरशी आधी स्वच्छ धुऊन, एक भाग ब्लीच बत्तीस भाग पाण्यात मिसळून ते दहा मिनिटे राहू द्यावे आणि मग पुन्हा धुऊन काढावे. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी करावे. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यावी. आणि पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी अनोळखी मांजराने चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे.

वेणुग्राम, आई सापडली तर वरचे निम्मे काम तीच करील. हातमाग यांनी शोध घ्यावाच.

दुसरा_मजला (मंगळवार, दुपारी 1:15)

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मी टिळकवाडीतील एका अपार्टमेंटमध्ये राहतो. आमच्याकडे एक बाई रोज रात्री जिन्याखाली भात आणि मासळीचे तुकडे टाकून जातात. त्यावर मांजरे, घुशी आणि मुंग्या एकत्र जेवतात. पहाटे दोन वाजता बोके लहान मूल रडावे तसे ओरडतात. वाहनतळातली वाळू म्हणजे त्यांचे शौचालय झाले आहे. यावर काही बोलले की आपण निर्दय ठरतो. ही मांजरे पकडून दूर, समजा जांबोटीच्या रानाकडे सोडून देण्यात नेमकी काय अडचण आहे, ते कोणी सांगेल काय?

वेणुग्राम (मंगळवार, दुपारी 3:40)

दुसरा_मजला, तुमची तक्रार रास्त आहे आणि तुम्ही सांगितलेल्या तीन त्रासांपैकी ओरडण्याचा त्रास ऑपरेशनने कमी होतो. ती पहाटेची ओरड माजाची आणि भांडणाची असते. भाट्यांचे व बोक्यांचे निर्बीजीकरण झाले की ती काही आठवड्यांत पुष्कळ कमी होते, आणि बोक्यांच्या मुताचा तो उग्र वासही.

दूर सोडण्याविषयी. अनोळखी रानात सोडलेले मांजर तिथे सुखाने राहत नाही. ते आपली हद्द शोधत परत निघते आणि वाटेत गाडीखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी जाते. इकडे तुमच्या जिन्याखालचे खाणे आणि वाहनतळातला आडोसा तसाच राहतो, म्हणून शेजारच्या गल्लीतली मांजरे त्या मोकळ्या जागेत येतात, आणि त्यांची ऑपरेशने झालेली नसतात. त्यापेक्षा तुमच्या ओळखीचीच चार मांजरे, नवी पिल्ले न होता, आपली हद्द राखत राहिली तर तुम्हाला सोयीचे आहे.

खाऊ घालणाऱ्या बाईंना आमचा निरोप सांगावा: वेळ एकच ठरवावी, खाणे जमिनीवर न टाकता थाळीत द्यावे आणि अर्ध्या तासाने थाळी उचलून न्यावी. वाहनतळापासून लांब, कोपऱ्यात कोरड्या वाळूचा एक चौकोन करून द्यावा. मांजर मऊ वाळू सोडून दुसरीकडे जात नाही. यात आमचाही एक स्वार्थ आहे. ठरलेल्या वेळी खायला येणारे मांजर पिंजऱ्यात सापडते. दिवसभर चरणारे मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

पिंजऱ्याचे तंत्र थोडक्यात सांगतो, कारण ते विचारणारे बरेच खासगी निरोप आले आहेत. आमचा पिंजरा उद्यमबागेतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला आहे. लांबी तीन फूट, चारही बाजूंनी जाळी, आणि टोकाला पायपट्टी आहे, जिच्यावर पाय पडला की मागचे दार पडते. तळाला वर्तमानपत्र घालावे, कारण उघड्या जाळीवर मांजर पाय ठेवत नाही. आदल्या संध्याकाळपासून खाणे बंद ठेवावे. तव्यावर परतलेला सुका बोंबील पट्टीच्या पलीकडे ठेवावा आणि त्याचा चुरा दारापर्यंत पेरावा. दार पडले की मांजर जिवाच्या आकांताने जाळीवर आदळू लागते. अशा वेळी जवळ जाऊन ‘माऊ माऊ’ करण्यात अर्थ नसतो. वरून जाड चादर टाकावी. अंधार झाला की अर्ध्या मिनिटात ते गप्प बसते. मी पहिल्या वेळी चादर न्यायला विसरलो होतो आणि अंगातला शर्ट काढून पिंजऱ्यावर घालावा लागला होता. भर गल्लीत, सकाळी सहा वाजता.

शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचे टोक, भूल उतरण्याआधीच, सरळ कापतात. काही जणांना ते क्रूर वाटते. पण तीच एक खूण लांबून दिसते, आणि ती नसेल तर तेच मांजर पुन्हा पकडले जाऊन त्याचे पोट पुन्हा उघडले जाण्याची भीती असते.

कोर्टकचेरी (मंगळवार, सायंकाळी 6:10)

कायद्यापुरते लिहितो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. उपाशी-तहानेले राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणे हा त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, मग ते रानात असो किंवा दुकानाच्या पायरीवर. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. होय, आजही. मांजराला ठार मारणे किंवा जायबंदी करणे हे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये येते आणि तिथे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक. प्राण्यांच्या निर्बीजीकरणाविषयीच्या 2001 च्या जन्म नियंत्रण नियमांच्या नावातच ‘कुत्रे’ हा शब्द होता. 2023 मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या जागी नवे नियम आणले तेव्हा नावातला तो शब्द गेला, म्हणजे नावापुरते तरी ते आता फक्त कुत्र्यांचे राहिलेले नाहीत.

भातशेती (मंगळवार, रात्री 8:30)

माणसाळत नाहीत अशा मांजरांविषयी विचारले आहे, म्हणून लिहितो. आमचे गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला आहे. भाताचे कोठार आणि गवताच्या गंज्या, म्हणजे उंदरांची चंगळ. दोन वर्षांपूर्वी बेळगावात एका जुन्या कौलारू वाड्याच्या जागी अपार्टमेंट होणार होते, आणि पाडकामाच्या आधी तिथल्या चार रानटी मांजरांना कुठेतरी हलवणे भाग होते. ऑपरेशने झालेली ती मांजरे मी मागून घेतली.

पहिल्या दोघांच्या बाबतीत मी मूर्खपणा केला. तिसऱ्या दिवशी ती खायला लागली, म्हणून आता रुळली असे समजून कोठाराचे दार उघडे ठेवले. दोन्ही मांजरे त्या रात्री गेली आणि पुन्हा दिसली नाहीत. पुढचा महिनाभर रस्त्यावरून जाताना मी गटारांत पाहत होतो.

पुढच्या दोघांना तीन आठवडे पूर्ण कोंडून ठेवले. कोठाराच्या एका खणाला जाळी मारली, आत उंचावर फळी बसवली, कारण मांजराला खालून नव्हे तर वरून जग पाहायचे असते, आणि लपायला भाताच्या कणगीचा जुना बुंधा आडवा ठेवला. रोज सकाळ-संध्याकाळ खाणे द्यायच्या आधी पितळेच्या ताटलीवर चमच्याने तीनदा वाजवायचे, असे ठरवले. मी कधी त्यांना हात लावला नाही, डोळ्याला डोळाही भिडवला नाही. बाविसाव्या दिवशी दार उघडले, पण आदल्या रात्रीचे खाणे दिले नव्हते. दोघे बाहेर पडले आणि गंजीमागे दिसेनासे झाले. संध्याकाळी ताटली वाजवली तेव्हा एक आला. दुसरा दुसऱ्या दिवशी आला. आजही मी पाच हातांच्या आत गेलो की दोघे उठून जातात, पण कोठारातल्या पोत्यांना उंदरांनी पाडलेली भोके आता नाहीत. मला मांडीवर बसणारे मांजर नकोच होते. अशी मांजरे असल्यास आणखी दोन घेईन. भाट्याही चालतील, ऑपरेशन झालेले असावे एवढेच.

सातवा_महिना (मंगळवार, रात्री 10:45)

मी येथे नेहमी वाचते, आज प्रथमच लिहीत आहे. मला सातवा महिना आहे. घरी चार वर्षांची भाटी आहे. तिच्यामुळे बाळाला धोका होतो असे सर्व जण सांगत आहेत आणि सासूबाईंनी तिला शेतावर सोडून यायचे ठरवले आहे. यात तथ्य आहे काय?

माळावरचा_डॉक्टर (बुधवार, सकाळी 6:35)

ताई, तथ्य थोडे आहे आणि त्यासाठी मांजर सोडण्याची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, पण मांजर ती बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक-दोन आठवडे टाकते. बाहेर पडल्यावर ती संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून तिची वाळू रोजच्या रोज आणि तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी काढावी. मांजराला कच्चे मांस देऊ नये. तुम्ही स्वतः अर्धे शिजलेले मटण खाऊ नये, भाजी नीट धुऊन घ्यावी आणि बागेत माती हाताळताना हातमोजे घालावेत. माणसांना हा संसर्ग मांजर कुरवाळण्यापेक्षा याच वाटांनी अधिक होतो. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना मांजर असल्याचे सांगावे. गरज वाटल्यास त्या रक्त तपासून घेतील. सासूबाईंना वरील मजकूर वाचून दाखवावा, वयोवृद्ध डॉक्टरने लिहिले आहे असे सांगितले तर ऐकतील.

कुंदाप्रेमी (बुधवार, सकाळी 11:00)

एक सूचना. तुमच्या गटाची ‘पिल्ले द्यायची आहेत’ ही पत्रके मी पाहिली आहेत. ती फक्त मराठीत असतात. आमच्या चिकोडीकडे एकाच ओट्यावर दोन्ही भाषा बसलेल्या असतात. ‘बेक्किन मरी’ (मांजराचे पिल्लू) एवढे दोन शब्द कन्नडमध्ये घातले असते तर निम्मे वाचक वाढले असते. दत्तकाला तर कन्नडमध्येही ‘दत्तु’च म्हणतात, त्यामुळे अडण्यासारखे काही नाही. (पाटीच्या भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे धागे भरकटतात, म्हणून इथेच थांबतो.)

आणि घर पारखता कसे, तेही लिहावे.

वेणुग्राम (बुधवार, दुपारी 2:20)

कुंदाप्रेमी, सूचना मान्य आहे. कन्नड मजकूर तुम्हीच लिहून द्यावा.

घर पारखण्याविषयी आम्ही चुकून शिकलो. चार वर्षांपूर्वी एका सुशिक्षित, प्रेमळ कुटुंबाला एक पिल्लू दिले. घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि गॅलरीला जाळी नव्हती. मी तिथे जाऊन चहा पिऊन आलो होतो, गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगराचे कौतुकही करून आलो होतो. सव्वा महिन्याने ते पिल्लू कबुतरामागे धावत खाली पडले. त्यांचा दोष नव्हता. पाहायला मी गेलो होतो. तेव्हापासून जाळी नसलेल्या गॅलरीच्या घरात आम्ही मांजर देत नाही, घर कितीही चांगले असले तरी. पिल्लू आमच्या हाताने पोचवतो, ‘फुकट’ हा शब्द पत्रकात लिहीत नाही, आणि एकटे पिल्लू देण्याऐवजी शक्यतो दोन बहिणी एकत्र देतो, कारण त्या एकमेकींना खेळवतात आणि मालकाचे हात वाचतात. पिल्लू किलोभराचे झाल्यावर, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत, त्याचे ऑपरेशन करता येते. तसे करूनच देण्याचा आमचा प्रयत्न असतो. “नंतर आम्ही करून घेऊ” असे सांगणाऱ्यांपैकी किती जण करतात, हे वहीत लिहिलेले आहे आणि ते येथे लिहून कोणाला लाजवत नाही. शेवटची अट अशी की कधीही, कोणत्याही कारणाने नकोसे झाले तर मांजर आमच्याकडेच परत द्यायचे, आम्ही कारण विचारणार नाही. ही अट घातल्यापासून मांजरे परत येऊ लागली, म्हणजे पूर्वी ती खोक्यांत जात असली पाहिजेत.

पिल्लांपैकी दोघींचे वजन वाढले आहे. तिसरी, काळी-पांढरी, काल रात्रीपासून अडली आहे.

हातमाग (बुधवार, सायंकाळी 7:55)

आई सापडली.

आमच्या मागच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या परसातल्या न्हाणीघराच्या पत्र्यावर तिरंगी भाटी दोन दिवस ओरडत होती. तिच्यापाशी एक पिल्लू अजून आहे आणि ते बोका आहे. दोरीवर वाळत घातलेल्या इरकली साडीचा एक काठ कापलेला दिसला, तेव्हा मी काही विचारले नाही. आजीच म्हणाल्या, “बोका ऱ्हाऊ दे म्हटलं. भाट्या ठेवून काय करू? वरसात घर भरतंय.” हिशेब त्यांचा बरोबर आहे. मांजराचेही ऑपरेशन असते आणि ते आपल्या घरच्या भाटीचे करता येते, हे त्यांना या वयापर्यंत कोणी सांगितलेले नव्हते. खर्चाचे मी पाहतो असे सांगितल्यावर त्या भाटी आणि पिल्ले, सगळ्यांना दोन महिने न्हाणीशेजारच्या खोलीत ठेवायला तयार झाल्या आहेत.

माळावरचा_डॉक्टर (बुधवार, रात्री 8:10)

आजच रात्री नेऊन सोडा, उद्यावर टाकू नका. एक पिल्लू पीत राहिल्यामुळे तिचे दूध टिकलेले असेल. पिल्लांना तुमच्या साबणाचा वास लागला असल्यास त्या खोलीतल्या चिंध्यांनी ती पुसून घ्या. अडलेलीला आधी पाजायला लावा. पिल्ले सुटी झाली आणि भाटीचे दूध आटले की ऑपरेशन करून घ्यावे. तोवर खोलीची खिडकी बंद हवी. पिल्ले अंगावर पिताहेत म्हणून बोका थांबत नाही.

वेणुग्राम (गुरुवार, सकाळी 7:30)

काल रात्री साडेनऊला आम्ही तिघे गेलो. टोपलीचे झाकण उघडून ती जमिनीवर ठेवली आणि दाराबाहेर उभे राहिलो. भाटी आधी आमच्यावर गुरगुरली, मग टोपलीत डोके घालून बराच वेळ हुंगत राहिली. मग तिने काळ्या-पांढरीची मान धरून तिला बाहेर काढले, खोलीच्या कोपऱ्यात नेले आणि उरलेल्या दोघींसाठी परत आली. आजी मधल्या दारात बसून होत्या. त्या एवढेच म्हणाल्या की साडी तशीही फाटलेलीच होती.

आज पहाटे हातमाग यांनी काटा नेऊन वजन केले: काळ्या-पांढरीचे बारा ग्रॅमने वाढले आहे.

पिल्ले आठ आठवड्यांची झाल्यावर दोघी बहिणी एकत्र नेणारे घर हवे आहे, जाळीच्या गॅलरीचे किंवा परसाचे. काळी-पांढरी मात्र आजी स्वतःच ठेवणार म्हणतात. भातशेती, तुमच्यासाठी दोन मोठ्या भाट्या कॅम्पातल्या एका गोदामामागे पाहून ठेवल्या आहेत, पण पिंजरा रविवारपर्यंत दुसरा_मजला यांच्या जिन्याखाली लागलेला आहे. तो सोमवारी मोकळा होईल. बोंबील तुम्ही आणावेत.